शिक्षकाला मोजायचे कोणत्या मापाने? महात्मा जोतीराव फुले यांच्या आयुष्यातला मागे राहिलेला धडा

११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला आपण महात्मा जोतीराव फुले यांच्या प्रतिमेला हार घालतो. १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपल्या वस्तीतल्या लहान मुलालाही पाठ असते. पण शाळा काढून जोतीराव थांबले नाहीत. शाळेत उभा असलेला शिक्षक खरोखर शिकवतो की नाही हे कसे ओळखायचे, चांगला शिक्षक मिळवायचा कसा, टिकवायचा कसा आणि कामचुकार शिक्षकाला जागेवर आणायचे कसे, या प्रश्नांचा त्यांनी तीस-पस्तीस वर्षे पाठपुरावा केला. त्यांच्या आयुष्याची ही बाजू व्यासपीठावरच्या भाषणांत क्वचितच येते. देवगड तालुक्यातल्या जामसंडे परिसरात काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना मात्र आज हीच बाजू सर्वांत जास्त उपयोगाची वाटते. आमच्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घसरतो आहे, आणि त्या शाळांत जी मुले उरली आहेत त्यांत आपल्या समाजाची आणि कष्टकरी घरांची मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांना कोण शिकवतो आणि कसे शिकवतो, यावर त्यांचे पुढचे आयुष्य ठरणार आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, गोऱ्हे आडनावाचे. फुलांच्या धंद्यामुळे फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई लवकर गेल्या. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले खरे, पण शूद्राच्या पोराला शिकवून काय करायचे, असे कानावर घालणारे लोक भोवती होतेच. मुलगा शाळेतून निघाला आणि मळ्यात राबू लागला. पुढे शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत काढली. १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले आणि १८४७ पर्यंत तिथे शिकले. हुशार पोर मधल्या वर्षांत शाळेबाहेर राहिले, कारण त्याला हाताला धरून बसवणारा शिक्षक तेव्हा नव्हता. दोन शेजाऱ्यांनी मध्यस्थी केली नसती तर पुढचा सारा इतिहास वेगळा झाला असता. शिक्षणाच्या बाबतीत जोतीराव पुढे इतके काटेकोर का झाले, याचे एक कारण आम्हाला या मधल्या वर्षांत दिसते.

शाळा काढायची ठरल्यावर पहिली अडचण शिक्षकाची होती. मुलींना शिकवायला पुरुष चालणार नाही आणि शिकलेली बाई तर मिळणार नाही. जोतीरावांनी ही अडचण घरातून सोडवली. त्यांनी सावित्रीमाईंना स्वतः शिकवले. पण नवऱ्याने घरी शिकवले म्हणजे बायको शिक्षिका झाली, असे त्यांनी मानले नाही. सावित्रीमाईंनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. शिकवणे ही शिकून घ्यायची विद्या आहे, हे या दांपत्याने प्रशिक्षित शिक्षक हा शब्दही बहुतेकांच्या कानावर नव्हता तेव्हा ओळखले होते. भिडे वाड्यात शाळा सुरू झाली. रस्त्यात शेण-दगड अंगावर घेत सावित्रीमाई वर्गात जात राहिल्या. १८४९ मध्ये समाजाच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमाबी शेख सावित्रीमाईंच्या जोडीला शिकवू लागल्या.

१८५१ आणि १८५२ मध्ये चिपळूणकरांचा वाडा, रास्ता पेठ, वेताळ पेठ अशा ठिकाणी मुलींच्या शाळा उभ्या राहिल्या. १८५२ मध्येच महार-मांग मुलामुलींसाठी शाळा निघाली. या काळात जोतीरावांनी एक गोष्ट कटाक्षाने केली, ती म्हणजे आपल्या शाळांची परीक्षा. सरकारी मराठी शाळांचे पर्यवेक्षक दादोबा पांडुरंग यांनी १८५१ मध्ये शाळेत येऊन मुलींची तपासणी केली. त्यानंतर फेब्रुवारी १८५२ पासून शाळांच्या परीक्षा जाहीरपणे, शहरातल्या लोकांसमोर होऊ लागल्या. मित्र बघायला येत तसे विरोधकही येत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मुलगी वाचून दाखवी, हिशेब करी, भूगोलाचे सांगे. ती अडखळली तर तिच्या शिक्षकाचे अपयशही चारचौघांत उघडे पडे. ज्यांच्या शाळेवर गाव तुटून पडले होते, त्यांनी स्वतःहून हे मोजमाप ओढवून घेतले. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला, तो या कामामुळे.

आणि शिक्षकाची खरी परीक्षा कशी असते हे १८५५ मध्ये महाराष्ट्राला कळले. याच शाळेत तीनेक वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयमध्ये छापून आला. ज्या धर्मग्रंथांवर आपला अधिकारच नाही तो धर्म आपला कसा, हा सवाल त्या मुलीने जाहीरपणे विचारला. मुळाक्षरे गिरवून घेणारे शिक्षक त्या काळीही होते. मुलीला स्वतःच्या अवस्थेचा विचार करायला लावणारे, तो मांडायला शब्द आणि धीर देणारे शिक्षक दुर्मिळ होते. मुक्ताच्या निबंधाला गुणपत्रिकेवर रकाना नव्हता. तरीही तिच्या शिक्षकांच्या कामाचा याहून मोठा पुरावा आम्हाला दाखवता येणार नाही.

पैशाची बाजूही त्यांनी जवळून पाहिली. शाळांना पगार फार देता येत नसे, त्यामुळे जरा बरी नोकरी मिळाली की शिक्षक निघून जात. सावित्रीमाई विनावेतन शिकवत म्हणून शाळा तगल्या. पण सगळ्या गावांना सावित्रीमाई कुठून मिळणार? त्यागाच्या जोरावर एखादी शाळा चालते, सगळ्या इलाख्याचे शिक्षण चालत नाही, हे जोतीरावांनी या अनुभवातून ओळखले असावे. नऊ-दहा वर्षांनी ते या शाळांच्या कामातून बाहेर पडले. मुलींच्या शाळा पुढे शिक्षण खात्याकडे गेल्या. महार-मांगांची शाळा चालू राहिली, पण तिची अवस्था समाधानकारक राहिली नाही, याची नोंद त्यांनी स्वतः पुढे केली. आपण लावलेल्या रोपाची दशा न लपवता सांगणारा असा संस्थापक आज शोधून सापडणार नाही.

त्यांचा रोख आता सरकारी शिक्षण खात्याकडे वळला. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात हे खाते सुरू झाले होते. शेतकऱ्यांच्या घामातून कर गोळा होत होता आणि त्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण फुलत होते. १८६९ मध्ये जोतीरावांनी विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी या नावाचा पोवाडाच रचला. वर्गात बसलेल्या शूद्र-अतिशूद्र पोरांकडे पंतोजी कसे दुर्लक्ष करतात, हा त्याचा विषय होता. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. कारभार आतून कसा चालतो, अधिकाऱ्याची भेट म्हणजे काय असते, कागदावरचे आणि प्रत्यक्षातले यांत किती अंतर असते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले.

हा सारा अनुभव घेऊन जोतीराव १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे उभे राहिले. त्यांचे निवेदन आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी बारकाईने वाचावे. त्यात नुसती तक्रार नाही, शिक्षक सुधारण्याची सगळी योजना आहे. आजच्या भाषेत ती अशी मांडता येईल.

पहिली गोष्ट नेमणुकीची. तेव्हाचे प्राथमिक शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण होते आणि बहुतेक अप्रशिक्षित. धार्मिक समजुतींमुळे ते पोरांपासून अंतर राखून बसत. जोतीरावांनी सांगितले की शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे. शिक्षक असा हवा की वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटणार नाही आणि खालच्या मानलेल्या लोकांत तो मिसळेल. त्याच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे.

दुसरी गोष्ट अप्रशिक्षितांची. त्यांच्या जागी प्रशिक्षित शिक्षक आणावेत, मात्र जो अप्रशिक्षित असूनही उत्तम शिकवतो त्याला राहू द्यावे, असे ते म्हणाले. सनद महत्त्वाची, पण सनद म्हणजेच शिकवणे नव्हे, हे भान त्यात आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरवले. त्यावर गावोगावी वाद चालू असताना जोतीरावांचा हा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट पगाराची आणि मानाची. शिक्षकांचा पगार तेव्हा दहा रुपयांच्या वर क्वचितच जाई. जोतीरावांनी किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये मागितले. शिवाय शिक्षकाला गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामे देऊन गावच्या कारभारात स्थान द्यावे, म्हणजे त्याची पत वाढेल, असे सुचवले.

चौथी गोष्ट बक्षिसाची. ज्या खेडेगावच्या शिक्षकाची जास्त मुले उत्तीर्ण होतील त्याला पगाराव्यतिरिक्त खास भत्ता द्यावा.

पाचवी गोष्ट तपासणीची. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक फेरी त्यांना निरुपयोगी वाटत होती. तपासणी निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देता व्हावी, असे त्यांनी सांगितले. गावच्या आणि जिल्ह्याच्या इतर अंमलदारांवर हे काम सोपवू नये, कारण त्यांना शंभर कामे असतात आणि त्यांची तपासणी वरवरची होते.

या पाच गोष्टी सुट्या करून वाचल्या तर कुणीही आपल्या सोयीची एक उचलेल. शिक्षक संघटना पगार उचलतील, अधिकारी अचानक तपासणी उचलतील, बाजाराचे पंडित बक्षीस उचलतील. जोतीरावांनी त्या एकत्र बांधल्या होत्या. त्याच काळात इंग्लंडमध्ये काय चालले होते ते पाहिले की या बांधणीचे मोल कळते. तिथे १८६२ पासून शाळेचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर ठरू लागले. शिक्षकाचे पोटच त्या निकालावर लटकले. मग शिक्षक तपासनिसाच्या प्रश्नांची घोकंपट्टी करून घेऊ लागले, बाकीचे विषय मागे पडले आणि १८९० च्या दशकात ती पद्धत मोडीत काढावी लागली. जोतीरावांच्या योजनेत निकालावर भत्ता आहे, पण तो पोटभर पगाराच्या वर आहे. चांगले काम करणाऱ्याची पाठ थोपटायची, पण मोजमापाच्या भीतीने कुणाची चूल विझू द्यायची नाही.

यात जोतीरावांचीही एक मर्यादा दिसते, ती सांगायला आम्हाला संकोच नाही. युरोपियन तपासनिसाच्या देखरेखीवर त्यांनी जरा जास्तच भिस्त ठेवली. गोऱ्या साहेबाला इथली जात दिसत नसे, त्याला दिसत ते कागद आणि टक्के. जोतीराव गेल्यानंतर दशकभरात साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता आणि पाण्याच्या नळाला हात लावू शकत नव्हता. शाळा सरकारी होती, तपासणी होत होती, हजेरीपटावर नावही होते. कुठल्याही तपासणीच्या शेऱ्यात त्या गोणपाटाला जागा नव्हती. मोजणारा कोण आहे आणि तो काय मोजायला निघाला आहे, यावर सगळे अवलंबून असते.

आयोगाने जोतीरावांची मुख्य मागणी मानली नाही. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी १८८२ मध्ये सांगितले होते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात २००९ मध्ये झाला. मधली १२७ वर्षे कुणाच्या पिढ्यांची गेली हे वेगळे सांगायला नको. १८८३ मध्ये शेतकऱ्याचा असूड लिहून जोतीरावांनी पुन्हा तोच अविद्येचा प्रश्न मांडला. १८८८ मध्ये मुंबईच्या सभेत जनतेने त्यांना महात्मा म्हटले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले ते हे जोतीराव. १९४६ मध्ये शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांनाच अर्पण केला.

आता आपल्याकडे पाहू. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो आणि त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण दहावीचा टक्का दहावीला बसलेल्या मुलांचा असतो. चौथी-पाचवीत मागे पडून नंतर बागेत, बोटीवर किंवा मुंबईच्या वाटेला लागलेल्या पोराची त्यात गणती नसते. वाडीवरच्या एक-दोन शिक्षकी शाळेत एकच गुरुजी चार इयत्ता सांभाळतात, माहिती भरतात, ऑनलाइन नोंदी करतात आणि मतदारयाद्यांच्या कामालाही जातात. त्या गुरुजींना आणि पूर्ण शिक्षकसंख्या असलेल्या शहरी शाळेला एकाच टक्क्याने मोजणे हा अन्याय आहे. आणि गुरुजींवर ओझे आहे म्हणून वर्गातल्या शेवटच्या मुलाला वाचता येते का हे विचारायचेच नाही, हा त्या मुलावरचा अन्याय आहे. जोतीरावांनी दोन्ही अन्याय एकाच निवेदनात मांडले होते.

२००९ च्या कायद्याने आपल्या हाती एक साधन दिले आहे, ते म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. प्रत्येक मुलाची शिकण्याची पातळी तपासून गरज असेल तिथे जादा शिकवणे, हे त्याच कायद्याने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपता येत नाही, हेही त्यातच आहे. पण आपल्यातले किती तरुण आपल्या वस्तीच्या शाळेच्या समितीवर कोण आहे हे सांगू शकतील? जयंतीच्या कमिटीसाठी आपण रात्री जागवतो आणि शाळेच्या समितीच्या बैठकीची तारीखही आपल्याला ठाऊक नसते.

म्हणून आमचे आवाहन आहे. देवगड-जामसंड्याच्या आणि साऱ्या सिंधुदुर्गाच्या तरुण-तरुणींनी आपापल्या वस्तीच्या शाळेची समिती हाती घ्यावी. वर्षातून दोनदा गावासमोर मुलांचे वाचन आणि हिशेब घ्यावेत, पुण्यात १८५२ मध्ये झाले तसे. मूल अडखळले तर त्याला हसू नये, शिक्षकाला काय कमी पडते ते विचारावे. वर्गात कोण मागे बसवले जाते, कुणाला प्रश्न विचारलाच जात नाही, हे आधी पाहावे. एक शिक्षक चार इयत्ता शिकवत असेल तर दुसऱ्या शिक्षकासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात पालकांनी गुरुजींसोबत जावे. शिकवणे टाळणारा शिक्षक असेल तर नावानिशी, लेखी, समितीच्या ठरावाने तक्रार करावी आणि तो आपल्या समाजाचा आहे म्हणून त्याला सोडू नये. आपल्या समाजात आज शिक्षकांची मोठी संख्या आहे. जोतीरावांनी मागितलेला, लोकांत मिसळणारा शिक्षक तो हाच. त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे आणि त्याच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारीही.

येत्या ११ एप्रिलला हार जरूर घालू. त्याआधी आपल्या शाळेच्या चौथीतल्या सर्वांत मागे राहिलेल्या मुलाला वाचता येते का, एवढे पाहून येऊ. येत नसेल तर त्याच्या शिक्षकासोबत बसून पुढच्या तीन महिन्यांचे काम ठरवू आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहायला जाऊ.

जय ज्योती, जय भीम!